राहून गेलेला जीव

बुआचुम मावशींची झोप उडाली त्याला दोन महिने होत आले होते. आमच्या आणि त्यांच्या अंगणात बांबूचं विरळ कुंपण आहे. पहाटे मी कधीही उठले तरी त्या पायरीवर बसलेल्या दिसत. बाजार बंद, विहारात जाणं बंद. विचारलं की म्हणत, "पडल्यापासून अंगात कुणी राहत नसल्यासारखं वाटतं बघ."

त्या पडल्या उपोसथाच्या, म्हणजे शील पाळायच्या व्रताच्या दिवशी, विहाराच्या दारात. कुत्रं आडवं आलं, एवढंच सांगत. हाड मोडलं नव्हतं, पण झोप उडाल्याचं कळलं तशी मुलीने, पिमजाईने, बँकॉकहून फोन केला. "रविवारी येते. बॅग भरून ठेव. आता तू माझ्याकडेच राहायचंस." पिमजाईचं घर उंच इमारतीत आहे, जिथे खालचं दारही कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही. मावशींनी बॅग काढली, पुसली आणि रिकामीच ठेवली.

शुक्रवारी चियांग राईहून सेंगदा आणि फायाओहून इनखाम राहायला आल्या. थंडीत जरा आराम करायला आलोय, म्हणाल्या. तरुणपणी या तिघी आमच्या लाम्पांगमधल्या एकाच कारखान्यात वाडग्यांवर कोंबडे रंगवायच्या. इनखाम लाल अंग काढी, बुआचुम काळी शेपटी आणि सेंगदा केळीचं झाड. वाडगा हातातून हातात जाई. बुआचुम मावशींचा नवरा लवकर गेला, आणि पिमजाईचं सगळं शिक्षण त्या शेपट्यांवर झालं. पुरता कोंबडा मात्र तिघींपैकी एकीलाही येत नाही. इनखामच्या भिंतीवर तिने स्वतः काढलेला एक आहे, त्याला शेपूट नाही.

तो दिवस आरामात गेला. भाजल्या मिरचीचा ठेचा, चिकट भात, मग अंगणात चटई टाकून ऊन खात पडून राहणं. आडवी पडल्या पडल्याच सेंगदा म्हणाली, "तू पडलीस तिथंच तुझा जीव राहिलाय गं. उद्या जाऊन आणू."

आमच्याकडे मानतात, माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात. धक्का बसला की एखादा तिथेच मागे राहतो, आणि जिथे राहिला तिथूनच त्याला उचलून आणावं लागतं. शनिवारी आम्ही चौघींनी टांगा केला. मासे धरायचं दांड्याचं जाळं माझ्या मांडीवर होतं, त्यात उकडलेलं अंडं, केळं, भाताचा गोळा आणि मावशींचं पोलकं. विहाराच्या दारात सेंगदाने जाळं जमिनीलगत फिरवलं. "ये रे बुआचुमच्या जिवा, घरी चल, भात निवतोय." जीव आला तर जाळ्यात काहीतरी सापडतं, मुंगी नाहीतर पान. पुन्हापुन्हा फिरवूनही काही आलं नाही.

"इथं जीवबीव नाही," इनखाम म्हणाली, "नुसती धूळ आहे."

परतताना सेंगदाने विचारलं, "कुत्रं कुठल्या रंगाचं होतं?"

"कुत्र्याच्या रंगाचं."

"बुआचुम."

मावशी घोड्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. "कुत्रं नव्हतं. नदीकाठी पडले. बायका संध्याकाळी गाणी लावून व्यायामाला नाचतात ना, तिथं. विहारातून घरी येत होते, जरा थांबले. गिरकी घेतली."

"उपोसथाला? अष्टशील घेऊन?" इनखाम किंचाळलीच. "त्या दिवशी नाचायचं नाही ते नाहीच, बये!"

"पांढऱ्या कपड्यांत?" सेंगदा.

"मग काय घरी जाऊन बदलून येणार होते? गाणं संपलं असतं."

इनखाम इतकी हसली की टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं. मावशींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. "पिमजाईला काय सांगू? आईने शील मोडलं आणि तिथंच आपटली?"

"ते तुझं तू बघ," सेंगदा म्हणाली. "पण आम्हाला चुकीच्या दारात उभं केलंस ते केलंस, जिवाला आणखी एक दिवस ताटकळत ठेवू नकोस."

संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. गाणं कुणी थांबवेना, म्हणून सेंगदा गाण्याच्या वर आवाज चढवून जिवाला हाका मारत होती. नाचणाऱ्या बायकांनी पाय न थांबवता जागा करून दिली. जाळं वर आलं तेव्हा त्यात चिंचेचं एक पान होतं आणि पानावर मुंगी. तिघींनी वाकून पाहिलं. मग दोघींनी मावशींच्या मनगटावर पांढरा दोरा बांधला. "राहा रे जिवा आता, कुठं जाऊ नकोस." मावशींचा उजवा पाय गाण्यावर ठेका धरत होता.

रविवारी पिमजाई आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पायरीवर दोघी मावश्या लसूण सोलत बसल्या होत्या.

"आई कुठाय?"

"हळू बोल," इनखाम म्हणाली. "झोपलीये. आमच्या आरामाचं वाटोळं झालंय, काय घोरते!"

पिमजाईने दारातून आत पाहिलं. मनगटावर दोरा, तोंड उघडं, उशाशी रिकामी बॅग. ती पायरीवर बसली. सेंगदाने तिच्यापुढे भाताची टोपली सरकवली. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "पिमजाई, आलीस? जेवलीस का? आणि ऐक, ते कुत्रं... कुत्रं नव्हतं."

"मग काय होतं?"

"संध्याकाळी नदीवर चल, दाखवते."

पिमजाईने तोंडातला घास गिळला, फोन काढला आणि परतीच्या दोन तिकिटांतलं एक रद्द होतं का, ते बघू लागली.