टिकलीखालचं कपाळ

माझा उजवा हात सारखा कपाळाकडे जातो. फळ्यावर लिहिता लिहिता, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, कुठंही. दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकतं, क्षणभर थांबतं आणि खाली येतं. लेक म्हणते, "मम्मी, तू सारखं काय आठवत असतेस?" आठवायचं काहीच नसतं. तिथं एक पांढरा डाग आहे, टिकलीएवढा, आणि तो जागेवर आहे की नाही हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नवरा गेला तेव्हा बायकांनी माझी टिकली काढली आणि तिच्याखाली हा डाग निघाला. थोरली जाऊ शेजारीच बसली होती. एरवी कौतुकाचा शब्द तोंडातून काढणार नाही अशी बाई, पण त्या दिवशी रडत रडत म्हणाली, "टिकली गेली, पर भावजीची खूण ऱ्हायली बघ." मी ते धरून बसले. मंगळसूत्र गेलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, पण ही खूण माझी होती. ती कुणाला पुसता येणार नव्हती, म्हणून मला आवडायची.

मी तेलगावात राहते आणि जवळच्या एका खेड्यात शाळेवर शिक्षिका आहे. रोज स्कूटीवरून जाते. आमच्याकडची स्कूटीवाली प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळते, डोळे आणि कपाळ तेवढं उघडं ठेवते. कारखाना सुरू झाला की रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, त्यांची धूळ, आणि ऊन तर बाराही महिने. त्यामुळे माझ्या तोंडाचे दोन भाग झाले होते. खाली स्कार्फातले सावळे गाल, वर रापून काळं पडलेलं कपाळ. पन्नाशी उलटल्यावर गालांचीही रया गेली. काळवंडलेले, सुकलेले, डोळ्यांखाली निळसर. मला त्याचं काही नव्हतं. विधवा बाईनं आरशापुढं उभं राहिलं की चार जणींना काम मिळतं, म्हणून मी वेणी घालतानासुद्धा भिंतीकडे बघायची.

मग लेकीचं जमलं. ती पुण्यात औषधाच्या कंपनीत आहे. मुलगा आष्टीकडचा, नोकरी पुण्यातच. पाव्हण्यांनी सुचवलं, दोघं भेटली, आणि मला कळायच्या आत तिचा आवाजच बदलला. घरी आली की फोन घेऊन अंगणात जायची आणि कण्हेरीची पानं खुडत हसायची. बाप गेल्यावर इतकं हसताना मी तिला बघितलं नव्हतं.

मुलाची आई आमच्या घरी आली त्या दिवशी सगळं गोडीनं चाललं होतं. ठसठशीत बाई, कपाळावर मोठी मरून टिकली. चहाचा कप हातात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली, आणि एकदम म्हणाली, "तुमच्या कपाळाला काय झालंय?"

माझा हात तिथं जाऊन पोचला होताच. मी तोंड उघडायच्या आत जाऊ बोलून गेली, "तळणाचं तेल उडलं हो. ताजंच हाय. जाईल की म्हैन्याभरात."

साखरपुडाही महिन्याभरानंतरचाच ठरला.

पाव्हणे गेल्यावर मी जावेवर उखडले. "आक्का, खोटं कशाला बोलला? खूण आहे ती!"

"खूण तुला न् मला," ती म्हणाली. "तेंच्या डोळ्याला कोड दिसंल. आईला कोड म्हनल्यावर लेकीचं काय, असं म्हणून उठून गेले असते. मग बसली असतीस खूण घिऊन."

आमच्या भागात या एका शब्दावर जमलेली लग्नं मोडताना मी पाहिली आहेत. माझ्या कपाळापायी लेकीचं मोडलं तर? आता महिन्याभरात तो डाग जायलाच हवा होता, कारण तेल उडलेला डाग जातो.

तोडगाही जावेनंच काढला. "डाग काळा करता येत न्हाई. मग बाकीचं तोंड उजळ कर की. समदंच उजळलं तर डाग दिसंल कावून?"

मी मुलांना विज्ञान शिकवते. आणि मला हे पटलं.

मी हात धुवून स्वतःच्या तोंडामागं लागले. जाऊ सकाळी हरभऱ्याचं पीठ, दही आणि लिंबू कालवून आणायची आणि भांडं घासावं तसं माझं तोंड घासायची. संध्याकाळी मसुरीची डाळ वाटून. आग व्हायची. "आग होती म्हंजे गुण येतोय," ती सांगायची. लेकीला मी डागाचं, तेलाचं काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं विचारलं की चेहरा निस्तेज दिसतोय, काय करू. तिला कोण आनंद! "मम्मी, शेवटी तू स्वतःकडे बघायला लागलीस!" तिचं शास्त्र उलटं होतं. घासायचं नाही, लिंबू तर बिलकुल नाही. सौम्य फेसवॉशनं धुवायचं, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, घराबाहेर पडण्याआधी सनस्क्रीन आणि मधल्या सुट्टीत पुन्हा एकदा. पेरू, आवळा, पालेभाजी खायची. पाणी प्यायचं. झोपायचं. मी दोघींचंही ऐकत होते. सकाळी घासत होते आणि वर सनस्क्रीन थापत होते. पहिल्या दिवशी वर्गातली पोरगी म्हणाली, "बाई, तोंडाला चुना लागलाय."

पाण्याचं सर्वांत अवघड. आमच्या शाळेत बायकांच्या संडासाला कडी नव्हती. आम्ही शिक्षिका वर्षानुवर्षं दुपारभर पाणी पीत नव्हतो, तहान मारायची सवय झाली होती. लेकीनं फोनवर विचारलं, "मग त्वचा सुकणार नाही तर काय?" मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि इतकी भांडले की त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. तरी अर्ज द्या म्हणाले. मी अर्ज दिला नाही, दुकानातून कडी आणली आणि सुताराला धरून बसवून घेतली. पाण्याची बाटली पहिल्यांदा शाळेत रिकामी झाली. महिन्यातलं तेवढं एक काम मी डोकं ठिकाणावर ठेवून केलं.

बाकी माझं कशात लक्ष नव्हतं. स्कूटीच्या आरशात, शिक्षकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, स्टीलच्या ताटात, जिथं तोंड दिसेल तिथं मी कपाळ बघत होते. झोप म्हणाल तर डोळा लागायचा आणि पुन्हा उठून आरसा. इतकी वर्षं आरशाकडे पाठ केली त्याचं सगळं व्याज वसूल होत होतं. साखरपुडा जवळ येत होता आणि डाग होता तिथंच होता.

मग जावेनं तोंड उजळायच्या क्रीमची ट्यूब आणली. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, गावातल्या निम्म्या बायका लावतात. आणि खरंच, थोड्याच दिवसांत माझं तोंड असं उजळलं की शाळेतल्या बाईंनी विचारलं, "घरात लग्न तुमचं आहे की लेकीचं?" मी वरवर रागावले आणि आतून फुलून गेले. खोटं कशाला बोलू, फार वर्षांनी कुणी माझ्या तोंडाकडे बघून हसलं होतं.

पण एक दिवस मैदानावर कवायत घेताना गाल पेटले. घरी येईपर्यंत लालबुंद, त्यावर बारीक पुरळ. आणि सगळं तोंड लाल म्हटल्यावर मधला पांढरा डाग दुरून ओळखू यावा असा उठला. मी व्हिडिओ कॉल उचलत नव्हते, पण लेक कुणाची! लावतच राहिली. शेवटी उचलला. माझं तोंड बघून ती म्हणाली, "ट्यूब दाखव." मी दाखवली. "मम्मी, यात स्टेरॉइड आहे. हे कुणी दिलं तुला? कशासाठी लावलंस?" तेव्हा मला रडू फुटलं आणि तेल, कोड, सगळं बाहेर आलं.

ती दुसऱ्याच दिवशी आली आणि मला अंबाजोगाईला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तरुण पोरगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. ट्यूब एकदम बंद करू नका, मी सांगते तशी कमी करत सोडा, म्हणाली. पीठ, लिंबू, घासणं बंद. या वयात त्वचा कोरडी होते, ऊन तिला काळवंडवतं, त्यामुळे सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर सोडू नका, स्कार्फ कपाळावरही ओढा. गोरं व्हायच्या नादाला लागू नका, आहे तो रंग ताजा दिसला म्हणजे झालं. मग तिनं निळ्या उजेडाचा दिवा कपाळावर धरला.

"टिकली लावत होता?"

"हो. आता नाही लावत."

"टिकलीच्या डिंकानं झालंय. खूप बायकांना होतं. तुमचा डाग वाढलेला नाही, दुसरीकडं कुठंही नाही. कधी भरून येतो, कधी तसाच राहतो. मुलीला यातून काही होणार नाही."

लेकीनं माझा हात दाबला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण बसस्थानकावर गाडीची वाट बघताना माझा हात सवयीनं वर गेला आणि अर्ध्यातच थांबला. डिंक. इतकी वर्षं मी एकटी बसून ज्याला बोट लावत होते तो डिंक होता. नवऱ्याची खूण वगैरे काही नव्हती. मी लेकीला म्हणाले, ऊन फार आहे, आणि पदर तोंडावर घेतला.

"आपण त्यांना सरळ सांगू," लेक म्हणाली. "तुझ्या कपाळावरून मोडणारं लग्न मला नकोच."

तिला म्हणायला सोपं होतं. अंगणातलं तिचं हसणं मी ऐकलं होतं. मी तिला गप्प बसवलं.

साखरपुड्यापर्यंत तोंडाची लाली उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाली होती तसं झालं, गोरं नाही, पण धुतल्यासारखं दिसायला लागलं. डाग मात्र होता. हॉल तेलगावातलाच. नवरदेवाला कुंकू लावायचं ताट जावेकडे होतं, ते ठरलेलंच, माझ्या हातानं ते होत नाही. मी मागच्या खोलीत बसले होते. जाऊ आत आली आणि तिनं मुठीतून टिकल्यांचं पाकीट काढलं.

"लाव," ती हळू आवाजात म्हणाली. "आजच्या दिवस. कुनी काय म्हनत न्हाई, मी हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आक्का, तुमच्यासमोर काढली माझी. इतक्या संक्रांती गेल्या, एकदा बोटभर कुंकू घेऊन आलात का माझ्या दारात? आणि आज डाग झाकायचा म्हणून चालतं?"

तिचं तोंड उतरलं. "पोरीसाठी म्हनत होते," एवढंच बोलून ती पाकीट तिथंच ठेवून गेली.

ती गेली आणि दारातून मुलाची आई आली. आत येऊन तिनं दार लोटलं.

"ईनबाई, तेलाचा डाग न्हाई ना तो?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "नाही," मी म्हणाले. "टिकलीच्या डिंकानं झालाय. कोड नाही. डॉक्टरला दाखवलंय, कागद देते. माझ्या लेकीला यातलं काही नाही, तुम्ही तिच्यावर..."

तिनं नखानं आपली मोठी मरून टिकली उचलली. खाली पांढरा डाग होता, माझ्याहून मोठा, कडेनं लाल, सोलवटलेला.

"त्या दिशी ह्याच्यापायीच इचारलं मी. तुमी म्हनलात तेल, मग गप बसले. डॉक्टर म्हनतो टिकली सोडा. मालक हायेत घरात, कपाळ रिकामं ठिवू कसं? मोठी मोठी टिकली घेत चाललेय." ती माझ्या कपाळाकडे बघत होती. "तुमचं बरं हाय. तुमाला काढायला मिळाली."

बोलली आणि तिनं जीभ चावली. मला ते लागलं, खोल लागलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते खरंच म्हणत होती. मी काढायला लागली म्हणून रडले होते, ही काढता येत नाही म्हणून. मला रागही आला आणि हसूही.

"बसा," मी म्हणाले. पर्समधून मॉइश्चरायझर काढलं, तिच्या डागावर अलगद लावलं. कोपऱ्यात हळदीकुंकवाचा करंडा होता. "डिंकाचं लावूच नका. हळदीचं कोरडं कुंकू लावा, तेही कामापुरतं, आणि घरी आल्यावर धुऊन टाका." बोट कुंकवात बुडवलं आणि मग मला भान आलं. "मी लावलेलं चालेल का तुम्हाला?"

तिनं डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं. मी डाग झाकेल एवढं गोल कुंकू तिला लावलं.

बाहेरून हाका सुरू झाल्या. ती पुढं, मी मागं. हॉलमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते, लेक पाटावर बसलेली, शेजारी तो. जाऊ ताट घेऊन उभी होती. तिची नजर माझ्या कपाळावर थांबली, मग लेकीची, मग बायकांची. कुजबुज थांबली. मला कळेना. मी हात बघितला. बोटाला कुंकू होतं, आणि ते बोट चालता चालता सवयीनं जिथं जातं तिथं जाऊन आलं होतं.

मी पदर उचलला पुसायला. जाऊ पुढं आली, तिनं माझा पदर खाली केला आणि ताट माझ्या हातात दिलं.

"बोट तर भरलेलंच हाय तुझं," ती म्हणाली. "लाव जावयाला."