पुसलेली रेघ

“डावा जोडा उजव्या पायात घुसतो, पण त्यानं वाट सरत नाही,” नळीवाले काका एकदा म्हणाले होते.

औषधाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत, शिकाऊ म्हणून आलेली ती तेव्हा नवीन होती. तिथल्या फेफऱ्याच्या औषधाचे कण दोन तऱ्हांचे. अणू तेच, वजन तेच, बांधणी मात्र आरशातल्यासारखी उलटी. एक अंगात आपल्या जागी नेमका बसतो आणि झटका थोपवतो. दुसरा नुसता रक्तातून भटकतो. वजनकाट्याला फरक कळत नाही, उजेडाला कळतो. द्रावणातून जाताना तो किती वळतो, ते काका तेवीस वर्षं पितळी यंत्राला डोळा लावून बघत आले होते. काचेची नळी तळहातांत घ्यायची, तान्ह्याची ढेकर काढावी तसा बुडबुडा बाजूला सारायचा. मग उजेडाच्या गोलाची दोन अर्धुकं, एक फिकट, एक गडद. चकती फिरवता फिरवता मधली रेघ पुसली, की तो आकडा. चोवीस म्हणजे माल चोख, त्याहून कमी म्हणजे उलटे कण मिसळलेले.

“काका, माझं चुकतंय. मागच्या आठवड्याच्या मालाला तुमचे चोवीस, मला एकोणीसच येतात.”

“हात नवा, बुडबुडा जुना. पुन्हा भर.”

चौथ्यांदाही एकोणीस. काका स्वतः वाकले. “ही बघ, पुसली. चोवीस.”

तिनं सहज चकती एकोणीसवर नेली. “आता?”

“पुसलेलीच.”

तिनं तीसवर नेली. “आणि आता?”

“तीच, पुसलेली.” काकांनी डोळा यंत्रावरून काढला. मग खिडकीच्या गजांकडे बघत एकेक डोळा झाकून पाहिला. “रेघ कधीपासून दिसत नाही, कुणास ठाऊक. सवयीनं थांबत होतो.”

बोलणं कानावर पडताच व्यवस्थापक धावत आला. तो काकांचा जावई. “मामा, गाडी भरून उभी आहे. बाकी सगळ्या कसोट्या पास. आठ दिवसांनी तुमचा निरोप समारंभ, आणि आता हे काय खूळ?”

“खूळ नाही, जावईबापू. मोतीबिंदू.”

“हळू बोला! पोरगी शिकाऊ आहे, तिचा आकडा मी धरत नाही. सही तुमची चालते.”

“माणूस गोळी वेळेवर घेईल आणि तरी जिन्यावरून कोसळेल. म्हणेल, नशीब.”

सही चालत होती, म्हणून त्यांनी वही ओढली. चोवीस खोडले. लिहिलं: माझा डोळा अधू आहे. माल थांबवावा. वर्षभरातले माझे सगळे आकडे पुन्हा तपासावेत. खाली सही.

“वर्षभरातले?” जावयानं वही स्वतःकडे ओढली. “मामा, घरी तुमच्या लेकीला काय सांगू?”

काकांनी नळी धुतली, पालथी घातली, कोट खुंटीला लावला. जावई वहीकडे बघत राहिला. शेवटी त्यानं फोन उचलला. खाली गाडीची घरघर थांबली.

घरघर थांबेपर्यंत काका उभे होते. मग यंत्राच्या कपाटाची चावी त्यांनी तिच्या हातावर ठेवली आणि बाहेर पडले.