खराब तबकड्या

देवगाव रंगारीची शेती थोरल्या भावाच्या हवाली करून तात्यासाहेब वीज मंडळात कारकून झाले आणि छावणीत दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. माणूस सरळ. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. अंघोळ झाली की ग्रामोफोनवर अभंगाची तबकडी लावायचे, मगच चहा. शेजारच्या भागूबाई त्यांच्या बायकोला, आशाबाईंना म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई तू."

पुढं मात्र या देवमाणसाला एक वेगळंच वेड लागलं. वेरूळची लेणी बघायला आलेला एक गोरा वर्षभर छावणीत राहिला होता. जाताना त्यानं सगळं सामान नूरमोहम्मदच्या भंगाराच्या दुकानात विकलं. त्यात तबकड्यांचं एक खोकं निघालं.

"तात्या, इसमें गानाच नै है," नूरमोहम्मद म्हणाला. "कोई लोहा घिसरा, कोई साँस ले रा. जो ले गया वो वापस लाया. तुमे सुनके देखो, फिर मेरे पे हँसो."

तात्यासाहेबांनी एक घरी नेऊन लावली. वेष्टनावर नुसता राखाडी चौकोन, तबकडीच्या मधला गोल कागदही राखाडीच. आत एकच सूर, संपता संपेना. आधी त्यांना हसू आलं. मग वाटलं, सुई अडकली. उठून बघितलं तर तबकडी नीट फिरत होती. आणि हळूहळू त्या एका सुराच्या पोटात दुसरा ऐकू यायला लागला, मग तिसरा. देवळात घंटा वाजून गेल्यावर जे मागं उरतं, तेवढंच कुणीतरी धरून ठेवलं होतं. आई गेली तेव्हा तात्यासाहेब रडले नव्हते. त्या दुपारी रडले.

मग अख्खं खोकंच घरी आलं. एकीत तारांमध्ये खिळे अडकवल्यासारखं वाद्य वाजायचं, एकीत रिकाम्या इमारतीत पाणी ठिबकायचं. आशाबाई कीर्तनाला गेल्या की ते दार लोटून ऐकत बसायचे. एक दिवस तिलाही शेजारी बसवून ऐकवायचं, असं मनात फार होतं. पण ती हसली तर? तेवढाच धीर होत नव्हता.

मार्गशीर्षात एकदा आशाबाईंचे भाऊ काकासाहेब गावाहून आले, ते थेट दार ढकलून आत. मागोमाग आशाबाईही.

"दाजी, पिठाची गिरणी टाकली का काय घरात?" काकासाहेब पोट धरून हसले. "का मांजर अडकलंय आत?"

तात्यासाहेबांचे कान तापले. झटकन सुई उचलून म्हणाले, "खराब माल हाय हो. त्या नूरमोहम्मदनं गळ्यात मारला. खोकंच्या खोकं खराब निघालं. टाकून द्यायचंय."

"मग टाका की! अक्काचं डोकं उठत आसंल."

आशाबाईंनी ते ऐकलं आणि ध्यानात ठेवलं.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचं, या विचारात त्या होत्याच. परातीत उकळतं पाणी घ्यायचं, तबकडी मऊ करायची आणि पालथ्या पातेल्यावर दाबायची, की झालरीची वाटी होते, हे त्या भागूबाईंकडून शिकल्या. तात्यासाहेब कचेरीतून आले तेव्हा बायका वाण घेऊन घरी गेल्या होत्या. कोपऱ्यात रिकामं खोकं.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"व्हय! लई आवडल्या बायकांना. तुमच्या अभंगाच्या एका बी तबकडीला हात नाय लावला बरं का. खराबच घेतल्या." हौसेनं त्यांनी एक वाटी पुढं केली. आत तिळगूळ होता. "तुमच्यासाठी ठिवली एक. घ्या, आन् गोड बोला."

वाटीच्या तळाशी तोच राखाडी कागद होता. कडेपर्यंत रेघा वाकून चढल्या होत्या. तात्यासाहेबांनी त्यांवरून अंगठा फिरवला. लुटलेलं वाण मागं मागत नाहीत. आणि मागून तरी काय, वाकलेल्या वाटीतून सूर थोडाच निघणार होता?

"छान झाल्यात," ते म्हणाले.

रविवारी ते नूरमोहम्मदकडं गेले आणि काय झालं ते सांगितलं. म्हातारा कपाळाला हात लावून बसला.

"अरे, तुमे भाभी कू बोले कायकू नै, के पसंद है करके?"

"आता काय बोलू? तिनं माझ्याच शब्दावर विश्वास ठेवला."

नूरमोहम्मदनं फळीवरनं एक जुनी तबकडी काढली, धूळ पुसली, पुढं धरली. तात्यासाहेबांनी ती हातात घेतली नाही. खराब माल तुम्ही गळ्यात मारला, असा तुमच्यावरही खोटा आळ घेतला होता, हे त्यांना सांगायचं होतं. तेही सांगणं झालं नाही.