भेगा ओलांडण्याची सवय

बडनेरा स्टेशनवर बाबांनी माझी किट बॅग स्वतःच डब्यात नेऊन ठेवली आणि खाली उतरून ते खिडकीशी उभे राहिले. दर्यापूर ते अमरावती काळीपिवळी जीप चालवणारा माणूस. सवारी बसली की दार आपटायचं आणि निघायचं, निरोपाची त्यांची रीत एवढीच. इथे आपटायला दार नव्हतं, म्हणून त्यांचे हात नुसतेच खिडकीच्या गजांवर राहिले. आईने माझ्या स्वेटरच्या खिशात कांदा घातला. आपल्याकडे उन्हात निघणाऱ्याच्या खिशात घालतात तसा.

"लेहले ऊन नाई राहत व माय, बर्फ राहते," मी म्हटलं.

"असू दे ना. बर्फ काय तुले सोडून देईन?"

गाडीने शिटी दिली तेव्हा बाबा बोलले, "एक हिवाळा पाहू. जमलं नाई तं गुपचूप वापस येजो, बी.ए. पुरं करजो अन् बी.एड.ले लागजो." मी मान हलवली.

दर्यापूरच्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखंच बॅग घेऊन कुठेतरी निघून गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. फोनवर मी नेहमी "सगळं बरं आहे" एवढंच सांगत आले. पण तो हिवाळा मी भीतीत काढला, आणि ती भीती कशी होती हे घरी कोणालाच माहीत नाही.

आइस हॉकी खेळायला निघालेल्या मुलीने तोवर बर्फ पाहिला होता तो रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. हॉकी मी शिकले चाकांच्या स्केट्सवर, अमरावतीत, कॉलेजच्या बास्केटबॉलच्या सिमेंटवर. शिकवणाऱ्या सरांनी कधी काही मागितलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. बाबांच्या जीपमध्ये मांडीवर दप्तर, पायाशी स्केट्स, आणि स्टिक टपावर बांधलेली. मी फॉरवर्ड होते, म्हणजे पुढे घुसून गोल करणारी. वेग होता, म्हणून बर्फावरच्या ज्युनिअर संघाच्या शिबिराला माझं नाव गेलं. आपल्या भागातून दोघीच होतो. दुसरी तनुजा, अकोल्याची गोलकीपर. ती अकोल्याला चढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "रडली काव?"

"नाई."

"मंग नाक काहून पुसून राहिली?"

लेहला मैदान म्हणजे गोठलेलं तळं. पहिल्या सकाळी मी काठावर स्केट्स बांधून उभी राहिले आणि खालून आवाज आला, पुलावरून भरलेला ट्रक जावा तसा. मी मागे सरकले. बाकीच्या मुली खेळत राहिल्या. आम्हाला शिकवणारी तिथलीच एक बाई होती, सगळ्या तिला दीदी म्हणत. ती म्हणाली, "बोलने दो उसे. बर्फ मोटी हो रही है." आवाज आला की बर्फ जाड होतोय, असं त्यांचं गणित. मला मात्र प्रत्येक आवाजाबरोबर खालचं काळं पाणी आठवायचं.

आवाजापेक्षा भेगा वाईट होत्या. पांढऱ्या, लांब, कुठे बोटभर रुंद. आपल्या काळ्या जमिनीत वाढलेल्या कोणालाही भेगेची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात वावर असं फाटतं की वासराचा पाय अडकून मोडतो. मी चालायला लागले तेव्हापासून बाबांचा एकच धाक होता, "भेगीवर पाय नको देऊ." त्यामुळे आपण सगळे उन्हाळ्यात तसेच चालतो, न बघता, पाय उचलून. पायांना ते डोक्याआधी कळतं.

बर्फावर माझ्या पायांनी तेच केलं. पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, माझ्या स्टिकवर असायची, मी वेगात असायचे, आणि समोर भेग आली की उजवा पाय आपोआप वर. एका पायावर वेग जायचा, समोरची मुलगी पक सहज काढून न्यायची. पुन्हा पुन्हा हेच. मैदानाच्या डाव्या बाजूला भेगा जास्त, म्हणून मी तिकडे जाणंच टाळायला लागले.

तनुजा गोलजवळून ओरडायची, "हॉकी खेळून राहिली का वावरातून चालली बे?"

दीदीने एकदा खेळ थांबवून मला विचारलं, "तुम उछलती क्यों हो?" तनुजाच पुढे आली. "दीदी, हमारे यहाँ जमीन फटती है. गाय का पैर अटकता है उसमें. ये बचपन से ऐसेच चलती."

दीदी हसली नाही. दुसऱ्या सकाळी तिने माझ्या हातात किटली दिली. तिथे रोजच खेळाआधी कोणीतरी भेगा बुजवतं. बर्फाचा चुरा दाबायचा, वर पाणी ओतायचं, गोठेपर्यंत थांबायचं. आता ते काम माझं झालं. गुडघ्यांवर बसून मी भेगेत स्टिकचं टोक घालायचे. ते थोडं आत जाऊन थांबायचं. खाली घट्ट, काळपट बर्फ. आपल्याकडच्या भेगेत काठी टाकली तर ती गिळली जाते. ह्या भेगेला तळ होता. डोळ्यांना ते पटलं. पायांना पटायला फार उशीर लागला, आणि निवडीचा सामना तोंडावर आला.

दीदीने स्वच्छ सांगितलं होतं की जिची निवड होणार नाही तिने घरी जायचं. मला बी.एड.ची भीती वाटत होती. त्याहून एक भीती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. निवड झाली तर घरी जायचं नाही, याचीही.

सामन्यात पक मला मिळाली ती नेमकी डाव्या बाजूला. समोर भेग, रात्रीच्या थंडीने नवी पडलेली, मी न बुजवलेली. पाय उचलायचा नाही, एवढंच मी मनात घोकत होते, लहान मूल पाढा घोकतं तसं. त्याच क्षणी खालून तो आवाज आला. स्केटच्या पात्याखाली टक् झालं आणि मी पलीकडे होते. घाबरून मी फटका घाईने मारला. गोलकीपर होती तनुजाच, आमच्या विरुद्ध बाजूला. तिने तो पायाने अडवला, पण पक उसळून आमच्या दुसऱ्या मुलीकडे गेली आणि तिने ती आत ढकलली.

संध्याकाळी दीदीने नावं सांगितली. माझं होतं, तनुजाचं नव्हतं. जी एकदाही घाबरली नाही ती परत निघाली. बॅग भरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुयं भेव कामाचं निघालं व." ती आता अकोल्यात लहान मुलींना चाकांवरची हॉकी शिकवते. अजूनही फोनवर शिव्या घालते. मला त्या हव्या असतात.

मी आता देहरादूनला असते. इथे बंदिस्त रिंक आहे. भेगा नाहीत, बर्फ बोलत नाही. सकाळी आमचा सराव, दुपारी लहान मुलांना मी शिकवते. मधल्या काळात परीक्षेपुरती घरी येत येत बी.ए. पुरं केलं. आमच्या घरातली ती पहिली पदवी. निकालानंतरच्या उन्हाळ्यात काकांच्या वावरात गेले होते. बाबा पुढे, मी मागे बोलत चाललेली. आणि माझा पाय सरळ भेगेत गेला, घोट्यापर्यंत. मी तो उचललाच नव्हता.

बाबांनी खाली बसून माझा पाय सोडवला, घोटा दाबून पाहिला. "इथचं चालनं बी आता शिकवा लागन का तुले?" ते गमतीने म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. लेहच्या तळ्यावर मी इतकी घाबरले नव्हते. एक सवय मोडण्यासाठी मी जिवाचा आटापिटा केला होता. ती मोडली तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय गेलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अजून मी रोज घाबरते. वेगाला, दुखापतीला, माझ्याहून लहान आणि चपळ मुलींना. पण एक गोष्ट मला गेल्याच दिवाळीत आईकडून कळली. सकाळी सराव संपला की मी बाबांना फोन करते. तोवर दर्यापूरच्या स्टँडवर त्यांची जीप भरलेली असते, सवाऱ्या कटकट करत असतात, कोणाला कोर्टात जायचं, कोणाला दवाखान्यात, आणि बाबा किल्ली हातात धरून बसलेले असतात. विचारलं तर म्हणतात, "थांबा ना थोडं. पोट्टी बर्फावर हाय."

घर कुठे आहे असं कोणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे. आता ती थांबलेली जीप डोळ्यांपुढे येते, आणि त्यात ताटकळलेली ती अनोळखी माणसं.

रोज स्केट्स सोडते, नंबर लावते. "उतरली, बाबा," मी म्हणते. पलीकडे दार आपटल्याचा आवाज येतो, आणि मग इंजिन सुरू झाल्याचा.