दीड मिलीचं माप

दूध वर येत होतं, हे एका पायात मोजा चढवून दुसरा शोधत होते, आणि दारावर थाप पडली. आमच्या दाराला घंटा आहे. तरी दार बडवणारी या इमारतीत एकच व्यक्ती, तळमजल्यावरच्या कात्रीमावशी.

"आधी दूध बघ," दार उघडताच त्यांचा हुकूम. "वास जिन्यापर्यंत आलाय."

मावशी चाळीस वर्षं कापड कापताहेत. शिवायला आता सून आहे, पण कापायला मावशीच हव्यात असं गिऱ्हाइकं सांगतात. कात्रीमावशी हे नाव त्यांच्या हातामुळे पडलं की जिभेमुळे, यावर इमारतीत दोन पक्ष आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना थायरॉइड निघाला. शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटलंय, असं डॉक्टरबाईंनी समजावलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हणजे घरातलंच भांडण." सकाळच्या गोळीने रिपोर्ट सुधारले, पण दुपार झाली की हात जड आणि डोक्यात धुकं. मागल्या महिन्यात त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. गुपचूप तसलंच कापड आणून उजवी कापली आणि सुनेला म्हणाल्या, "तीन महिने बघते. नाही जमलं तर कात्री तुझी."

या तीन महिन्यांची सगळी आशा एका बाटलीवर होती. नाल्ट्रेक्झोन, अगदी कमी मात्रेचं. औषधवाल्याने पातळ करून दिलेलं, सोबत बिनसुईची पिचकारी. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नव्हतं. मोठ्या मात्रेत हे औषध व्यसन सोडवायला देतात, थायरॉइडमध्ये काहींना बरं वाटतं, काहींना काहीच होत नाही, पक्का पुरावा अजून नाही. सकाळची गोळी सोडायची नाही आणि न विचारता कुठलंही जोरकस वेदनाशामक घ्यायचं नाही.

"डॉक्टरबाईंना फोन लाव," खुर्चीत बसत मावशी म्हणाल्या. "हे औषध मला सोसत नाही, बंद करते म्हणून सांग. मी बोलले तर त्या मला गुंडाळतील."

"होतंय तरी काय?"

"स्वप्नं गं! नऊ दिवस धड झोप नाही. काल एक जिराफ कॉलरचं माप द्यायला आला. मी शिडीवर चढतेय आणि तो म्हणतो, मावशी, मान अजून बाकी आहे."

"बटणं किती लागली?" आतून ह्यांनी विचारलं.

"तुम्ही आधी मोजा शोधा!"

बाटली त्यांनी बरोबरच आणली होती. मी म्हटलं, घेता कशा ते तरी दाखवा. चष्मा लावून, जिभेचं टोक बाहेर काढून त्यांनी पिचकारी भरली. दोनच्या रेघेपर्यंत.

"मावशी, चिठ्ठीवर दीड मिली आहे."

"दीडच घेते. वरचं अर्धं शिलाईचं."

"म्हणजे?"

"अगं, नेमकं मापाला कापड कापतं का कुणी? शिलाईला सोडावंच लागतं. थोडं पिचकारीला चिकटणार, थोडं जिभेवर राहणार. पोटात दीड पोचायला नको?"

मला हसू आवरेना. मावशी फुगल्या. "हस. नेमकं कापणाऱ्यांचे कपडे काखेत उसवलेले मी पाहिलेत."

मी फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. सगळं ऐकून डॉक्टरबाईंनी आधी औषधाची वेळ विचारून घेतली. मग म्हणाल्या, "मावशी, शिलाई आम्ही आधीच धरलेली असते. दीड म्हणजे दीड. आणि झोपताना नको, सकाळी घ्या. पंधरा दिवसांनी मला सांगा, तेव्हा ठरवू बंद करायचं का."

मावशींनी अर्धा मिली बाटलीत परत सोडला. खिशातून लाल दोऱ्याचा तुकडा काढला आणि दीडच्या रेघेवर पिचकारीला घट्ट गाठ मारली.

"सोडायलाच आले होते," उरलेला दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "काल सुनेपुढे कात्री ठेवली. तिने उचलली नाही. म्हणाली, मी शिवीन हवं तेवढं, पण अख्ख्या कापडाला कात्री लावायचं माझं धाडस होत नाही. आता तिच्यासाठी तरी हे तीन महिने नीट काढायला हवेत."

त्या दारापर्यंत गेल्या. मी सवयीने विचारलं, "पण मावशी, एरवी काही फरक वाटतोय का?"

त्या थांबल्या.

"हे बघ, दिवसभर हेच विचारतात सगळे. सून, गिऱ्हाइकं, समोरचा औषधवाला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हणते, आणि मग खरंच बरं वाटतंय की नाही, ते माझं मलाच कळत नाही. एवढंच कर. तीन महिने तू मला हे विचारू नकोस."