तांदळे सर आणि पाइपावरचा खेळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे विचारले तर आईवडिलांनंतर मी तांदळे सरांचे नाव घेतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते. मीही कॉलेज सोडायला निघालो होतो. सरांनी मला कॉलेजच्या कबड्डी संघात घेतले आणि बजावले, "वर्गात न्हाई, तर मैदानात बी न्हाई." मैदानासाठी वर्गात बसलो आणि बसता बसता बी.ए. झालो.

सर केजच्या आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. पोट असे, की गळ्यातली शिट्टी लोंबकळायची नाही, त्यावर आडवी पडून राहायची. एकदा त्यांनी मोबाइलवर क्वाडबॉल नावाचा खेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे घेऊन मैदानावर हजर. पाइप दोन्ही मांड्यांत धरून पळायचे, चेंडू उंचावरच्या कड्यांतून टाकायचा, समोरच्याला धरून पाडायचे. वर मुले-मुली एकाच संघात. नुसत्या मुलांचा संघ चालतच नाही.

"सर, लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू दे की बे. कबड्डीत मांड्या थोपटीत बेडकावानी उड्या मारतो, तवा कोण रडतं?"

प्राचार्यांनी पालकांसमोर एका सामन्याची परवानगी दिली. एका जरी मुलीच्या घरून तक्रार आली, तर खेळ बंद. मुली गेल्या की संघ संपला, हे सरांना ठाऊक होते.

सरावात मुली धडाधड पाडायच्या. अडचण मुलांची होती. कुणाला पाय लागला की आम्ही लगेच वाकून नमस्कार करायचो. सर ओरडायचे, "देवळात आलाय का? ही जत्रा न्हाई, म्याच हाय!"

सामन्याच्या दिवशी समोरच्या संघात आमच्याच कॉलेजातली सुरेखा होती. तिचे वडील आण्णा, हाताची घडी घालून कडेलाच बसलेले. चेंडू घेऊन आलेल्या सुरेखाला मी धरले आणि दोघेही धुळीत आपटलो. आण्णा उठून उभे राहिले. सरांची शिट्टी तोंडातच अडकली.

माझा पाय तिला लागला होता. सवयीने मी वाकलो, तिच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. तेवढ्यात ती उठली, चेंडू उचलला आणि निघाली.

"पळ सुरे, पळ!" आण्णा गरजले. "येडं पाया पडतंय तवर पळ!"

चेंडू कड्यातून गेला. सगळे मैदान हसत होते, आणि पंच असूनही तांदळे सर टाळ्या वाजवत होते. तक्रार कुणाच्याच घरून आली नाही.

सर आता निवृत्त होऊन नारायणगडाकडच्या आपल्या गावी असतात. मी नेकनूरजवळच्या एका शाळेत शिकवतो. मागच्या महिन्यात त्यांना हे पत्र टाकले:

"ती. सरांना साष्टांग नमस्कार.

आमच्या शाळेत आपला खेळ सुरू केला. मुलींच्या वडिलांकडे परवानगी मागायला भीत भीत गेलो. त्यांनी चहा पाजून होकार दिला. पण मुलांचे वडील काही ऐकेनात. म्हणतात, 'पोरी लई जोरात पाडत्यात. आमच्या लेकराला लागंल.'

त्यांना काय सांगू, ते कळवावे.

आपला विद्यार्थी."