पडवीतली लिफ्ट

घमेलं मी चुकीच्या बाजूला ठेवलं, एवढंच झालं. मोटारसायकलचं जुनं ऑइल सोडायचं होतं. खाली वाकून बोल्ट कुठे आहे ते बघायला हवं होतं, पण गुडघा वाकेना. मग अंदाजाने घमेलं सरकवलं आणि हात घालून बोल्ट फिरवला. सगळं काळं ऑइल घमेल्याच्या शेजारून शिस्तीत पडवीबाहेर गेलं आणि बायकोच्या अळूत जाऊन थांबलं. बायको दारात आली. तिने अळूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आता याची भाजी तुमीच खा," म्हणाली.

ही गाडी बावीस वर्षं मीच दुरुस्त करत आलोय. उकिडवं बसायचं, शेजारी पान्यांचा डबा, आणि मग दुपार कशी गेली ते कळायचं नाही. शहापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि सांगितलं, उकिडवं बसणं कायमचं बंद. मी विचारलं, मांडी घालून? तेही बंद. मग जेवायचं कसं? "टेबलावर," ते म्हणाले. आमच्या घरात टेबल एकच, आणि त्यावर टीव्ही जेवतो.

त्यातच इंजिनाने मान टाकली. मुरबाडचा मेकॅनिक लांबूनच बघून म्हणाला, "काका, हिचे पार्ट येणं बंद झालं. आजवर तुमीच हात लावला ना, आता पण तुमीच लावा." रोज सकाळी बायकोला आटगाव स्टेशनवर सोडणं हे या गाडीचं काम. ती कल्याणला नोकरीला जाते. गाडी बंद पडल्यापासून ती शेअर रिक्षात, पर्स पोटाशी धरून, कोंबून जायला लागली. नवी गाडी मुलीच्या कॉलेजच्या फीच्या मागे रांगेत उभी होती. म्हणजे बायकोला पुन्हा मागे बसवून न्यायचं, तर हीच गाडी उभी करायची, आणि ती मीच करायची.

बायकोने मुदतही दिली. भात झोडून पोती घरात येईपर्यंत पडवी माझी. नंतर भाताची.

मला खाली बसता येत नाही तर गाडीलाच वर आणू, असं मी ठरवलं. दोन आठवडे मोबाईलवर परदेशातली गॅरेजं बघितली. त्यांची गॅरेजं आमच्या घराहून मोठी आणि आमच्या देवळाहून स्वच्छ. मग गावातल्या सुताराकडे गेलो. कमरेएवढं दणकट बाक करून दे म्हटलं.

"बाक करतो," तो म्हणाला, "पण गाडी वर चढवणार कोण? दर टायमाला चार खांदेकरी बोलावशील काय?"

बाक रद्द झालं. राहिली मोबाईलवर बघितलेली लिफ्ट. पायाने दाबत गेलं की फळी वर येते, कैचीसारखे पाय उघडत. कल्याणच्या दुकानदाराने गाडीचं वजन विचारलं, छताची उंची विचारली. दोन्ही मला पाठ होतं. छत तर मी दोनदा मोजलं होतं. शेवटी त्याने विचारलं, "जमीन लेव्हलमध्ये आहे ना?"

"एकदम लेव्हल," मी म्हणालो.

आणि मी खोटं बोललो असं मला आजही वाटत नाही. आमच्याकडे पडवीचा कोबा करताना गवंडी विचारत नाही, बाहेरच्या दाराच्या बाजूला चार बोटं उतार देतोच. पावसाची झड आत आली तर पाणी आपलं आपण बाहेर जायला हवं, नाहीतर पोती भिजतात. सगळ्या गावाच्या पडव्या अशाच. त्या उतारावर आम्ही जन्मलो, जेवलो, झोपलो. तोच आमचा सपाटपणा. तो मोजायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

लिफ्ट आली. चुलतभावाला हाताशी घेतलं, गाडी चढवली, पट्टे आवळले आणि मी पाय मारायला लागलो. गाडी खरंच वर आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तिचं पोट उभ्याने बघत होतो.

"दादा, कलती वाटते रे," चुलतभाऊ म्हणाला.

"नाय रे. तुझी मान वाकडी."

"माझी मान वाकडी, मग पाना का घरंगळतोय?"

पाना फळीवरून घरंगळत दाराच्या बाजूला गेला आणि खाली पडला. इथेच लिफ्ट खाली घ्यायची होती. पण वर आलेली गाडी खाली घ्यायला जीव होईना. मी म्हटलं, "त्या बाजूला कौलाचा तुकडा सार." घरात काही डुगडुगलं की आम्ही कौलाचा तुकडा सारतो, कपाटाला सारतो, रांजणाला सारतो. त्याने दोन सारले. मी अजून दोनदा पाय मारला. कौल फुटल्याचा आवाज अगदी बारीक आला. मग लिफ्ट दाराकडे झुकली, पट्टा निसटला आणि गाडी सावकाश, कंटाळल्यासारखी, उंबऱ्यावर आडवी झाली.

इंजिनाच्या खालच्या डब्याला बोटभर तडा गेला होता. असा डबा आता कुठे मिळत नाही. मुरबाडच्या मेकॅनिकला फोटो पाठवला. त्याने उत्तरात नुसते हात जोडले.

भात घरात यायच्या आधी वैशाखरे गावचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. त्याच्याकडे याच गाडीची जोडीण आहे, तिला सुटे भाग हवे होते, म्हणून ही त्याला दिली. त्याने टाकीवर प्रेमाने हात फिरवला, तेव्हा मी आत पाणी प्यायला गेलो. लिफ्टवर आता भाताची पोती आहेत. ती कलती आहेत, पण भाताला चालतं.

टेम्पो गेला त्या संध्याकाळी बायको कामावरून आली. रिकामी जागा बघत चप्पल काढली, पर्स खुंटीला लावली आणि उंबऱ्यावरच बसली. मी म्हटलं, काय झालं ते बोल तरी.

"रिक्षात सहा माणसं असतात," ती म्हणाली. "घरात सासूबाई असतात, मुलगी असते. तुमच्याशी भांडायचं ते मी गाडीवर मागं बसून भांडायची, आटगाव येईपर्यंत. इतके महिने साठवून ठेवलंय, गाडी चालू झाली की काढू म्हणून. आता ते कुठं काढू, सांगा."